दादाचा जंत

माझ्या थोरल्या भावाला वेड लागलं होतं. हे वाक्य मी सरळ बोलते. आमच्या सुरतेतल्या भेस्तानच्या सोसायटीत ते तसं कोणी बोलत नाही. "मध्ये जरा तब्येत बरी नव्हती," असं म्हणतात, आणि म्हणताना आवाज इतका खाली आणतात की ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही सगळं कळतं. मी एका लॅबच्या सेंटरवर रक्त काढायचं काम करते. दिवसभर लोकांना सुया टोचून माझी जीभही तशीच झाली आहे, असं माझी माय म्हणते. माझं म्हणणं असं की जीभ आधीपासूनच तशी होती, नोकरी तिला शोभेल अशी मिळाली.

दादा यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारागीर आहे. एकटा आठ लूम सांभाळतो. खात्यात आवाज एवढा असतो की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ओठ बघूनच समजून घ्यावं लागतं. तिथं प्रत्येक जण काहीतरी बोलत असतो, गात असतो, शिव्या देत असतो, आणि कोणाशी बोलतोस असं कोणी कोणाला विचारत नाही. त्यामुळे दादा सहा-सात महिने एकटाच बोलत होता आणि खात्यातल्या एकाही माणसाला त्याचा पत्ता लागला नाही. उलट हा कारागीर आताशा खुशीत असतो, असं शेठला वाटायचं. आम्हाला कळलं ते सुट्टीच्या दिवशी. घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता आणि दादा कपाटाकडे बघून कोणाला तरी समजावत होता की कापडाचा ताका पुरा झाल्याशिवाय मी लूम बंद करणार नाही.

पुढे त्यानंच सांगितलं की दोन आवाज आहेत, एक बाईचा आणि एक पुरुषाचा. दोघंही बातम्या देतात तशी शुद्ध मराठी बोलतात. आम्ही अमळनेरकडचे. घरात अहिराणी बोलतो, बाहेर गुजराती नाहीतर हिंदी. "ते तुझ्यावर नजर ठेवून आहेत, कोणावरही विश्वास ठेवू नकोस" असं वळणदार बोलणारं आमच्या अख्ख्या भाऊबंदांत कोणी नव्हतं. तुला तिथंच शंका यायला हवी होती, असं मी त्याला आता चिडवते, आणि तोही हसतो. तेव्हा मात्र कोणी हसत नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या बाकावर मी त्याचा हात धरून बसले होते, आणि रोज अनोळखी लोकांची नावं-वयं लिहिणाऱ्या मला केसपेपरवर दादाचं वय आठवेना.

तिथल्या डॉक्टर बाईंनी गोळी सुरू केली. दोनेक महिन्यांत ती बाई आणि तो पुरुष आधी लांब गेले, मग गप्प झाले. शेठनं दादाला कायमची दिवसपाळी दिली, कारण झोप मोडायची नाही असं डॉक्टर बाईंनी लिहून दिलं होतं. दादा पुन्हा पहिल्यासारखा झाला, म्हणजे पुन्हा माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागला. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं सगळं ठीक होतं. रोज एक गोळी, महिन्याला दवाखान्याची एक चक्कर, बस.

ठीक नव्हती ती माय. त्याचं कारण सांगायला आमची कानबाई सांगायला हवी. कानबाई ही आम्हा खान्देशी लोकांची श्रावणातली देवी. नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून, साडी नेसवून तिला बसवतात, गावाकडून भाऊबंद येतात, दोन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. वडील वारले त्या वर्षी सुतक होतं म्हणून आम्ही तिला बसवली नाही. पुढच्या वर्षी दादाचं हे सुरू झालं. मग काय, भाऊबंदांना धागा सापडला. तोंडावर कोणी बोललं नाही, पण मायच्या कानावर पडेल इतक्या अंतरावर सगळे बोलले. मायनं ते मनाला लावून घेतलं. देवीला विसरले म्हणून पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, हे ओझं ती सहा वर्षं वागवत होती आणि ते मला बघवत नव्हतं. मी त्यावरून काकांशी भांडले, काकूंशी भांडले, एकदा देवीसमोर देवीशीही भांडले. उपयोग शून्य.

अशात एक दिवस दुपारचे नमुने घेऊन मी मुख्य लॅबला गेले. तिथले डॉक्टर वयस्कर आहेत आणि चहा आला की त्यांना शिकवायची हुक्की येते. गरोदर बायकांच्या रक्ताच्या चाचण्यांमध्ये एक चाचणी मांजराकडून पसरणाऱ्या परजीवीची असते. त्या दिवशी तोच विषय निघाला. हा परजीवी डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. उंदराच्या मेंदूत शिरला की उंदराची मांजराची भीतीच जाते. उंदीर ऐटीत मांजरासमोर जातो, मांजर त्याला खातं, आणि परजीवी मांजराच्या पोटात, म्हणजे आपल्या हक्काच्या घरी पोचतो. मी चहा पिता पिता थांबले. डॉक्टर पुढे म्हणाले की कितीतरी माणसांमध्ये हा असतो आणि जन्मभर गुपचूप पडून राहतो. पण ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात त्यांच्यापैकी काहींमध्ये याचा थोडाफार हात असावा, असा काही संशोधकांना संशय आहे. संशय, असावा आणि काहींमध्ये, हे तीन शब्द त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. मी रिक्षात बसेपर्यंत तिन्ही विसरले.

कारण माझ्या डोळ्यांसमोर एक मांजर उभं होतं. दादाच्या खात्यात उंदीर फार. सुताची खोकी कुरतडतात, तयार कापडाला भोकं पाडतात. म्हणून शेठनं एक मांजरी पाळली आहे, तांबडी-पांढरी, जाडजूड. ती चालायला लागली की कारागीर बाजूला होतात, म्हणून दादा तिला शेठाणी म्हणतो. शेठाणी दादाच्या डब्यातलं खाते, त्याच्या पायाशी झोपते. झालं, मला वाटलं, सापडलं. देवी नाही, करणी नाही, मायची चूक नाही, मांजर!

माझं सासरचं घर जवळच, पण तिकडे जायच्या आधीच मी मायला गाठलं. परजीवी म्हणजे काय हे तिला कुठून कळणार, म्हणून मी सोपं करून सांगितलं की जंतासारखं काहीतरी असतं, मांजराकडून येतं, डोक्यात जातं. मायनं मला दोनदा विचारलं की हे डॉक्टरांनी सांगितलं का. मी दोनदा हो म्हटलं. मग ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. रडते आहे असं वाटून मी जवळ गेले तर ती हसत होती. सहा वर्षांत तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या नळावर बातमी पोचली. मायचा आवाज मुळात खणखणीत, आणि सहा वर्षांनी तिला तो मोकळा सोडायचं कारण मिळालं होतं.

"मना पोऱ्याले येड नव्हतं लागेल. डोकामा जंत व्हता, जंत!"

जंत कोणाला होत नाहीत? ते लाजेचं काम नाही. शेजारणींनी आपापल्या घरातल्या जंतांच्या कथा सांगितल्या आणि आमचं घर एका सकाळीत सगळ्यांच्या रांगेत येऊन बसलं. तिसऱ्या दिवशी माय थेट खात्यावर गेली आणि मांजरीला हाकलून द्या असं शेठला म्हणाली. शेठ काठियावाडी, शांत माणूस. त्यानं हात जोडून सांगितलं की मावशी, कारागीर मला उद्या दुसरा मिळेल, अशी मांजर मिळणार नाही. मग मायनं मेडिकलवरून जंताच्या दोन गोळ्या आणल्या. एक दादाला चावायला लावली आणि दुसरी कुटून शेठाणीच्या दुधात टाकली. शेठाणीनं दूध हुंगलं आणि मायकडे पाठ करून बसली. दादानं मात्र बिचाऱ्यानं मुकाट्यानं खाल्ली. आठवडाभर खात्यातले कारागीर माझ्या सेंटरवर येऊन मांजरवाली चाचणी कितीला पडते ते विचारत होते, आणि एक जण तर मांजरीलाच पिशवीत घालून घेऊन आला होता.

मी हे सगळं माझ्या नवऱ्याला रंगवून सांगत होते. तो हजीऱ्याच्या कारखान्यात कामाला, घरी येतो तेव्हा अर्धा झोपेत असतो. पण त्या दिवशी त्यानं डोळे उघडून विचारलं की दादाची रोजची गोळी चालू आहे ना. मला राग आला. म्हटलं, माझ्या घरच्यांना एवढी अक्कल आहे. तरी दुसऱ्या दिवशी मी मायला विचारलं. ती म्हणाली, "चालू शे ना," आणि एक घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं. खोटं बोलायचं झालं की माय हातात काम घेते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी चप्पल घालून कामावर निघून गेले. कानबाई आठ दिवसांवर आली होती, सगळ्यांचीच धांदल होती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं.

त्या वर्षी कानबाईला नेहमीच्या भाऊबंदांबरोबर माझी मावशीही येणार होती. ती आपल्या दिराच्या मुलीला सोबत आणणार होती. मुलगी बत्तीस वर्षांची, गावात अंगणवाडीत मदतनीस. कानबाई बघायला आणि सुरतेच्या साड्या घ्यायला येते आहे, असं सांगितलं गेलं, पण कशाला येते आहे ते आमच्या नळावरही सगळ्यांना ठाऊक होतं. दादा छत्तीसचा झाला होता. मायनं या मुलीवर फार आशा लावली होती. आता दोन खोल्यांचं घर, पाहुणे जिथं हात घालतील तिथं काहीतरी सापडणार. फळीवर दवाखान्याच्या गोळ्यांची पट्टी दिसली की पहिला प्रश्न हाच येणार की या कसल्या. माझ्या मायनं हिशोब केला. आजार होता जंताचा, जंत मेला गोळीनं, मग ही दुसरी गोळी फळीवर हवीच कशाला? तिनं पाहुणे यायच्या दहा-बारा दिवस आधीच ती बंद केली. आणि दादाला माझं नाव सांगितलं, की तिनं लॅबच्या डॉक्टरांना विचारून बंद करायला सांगितली आहे.

शनिवारी सकाळी पाहुणे आले. मी सुट्टी काढून मदतीला गेले होते. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ त्या दिवशी दळायचं असतं. त्यासाठी गहू मोजायची आमच्याकडे एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे. परगावी असलेल्याची मूठ पडते, पाळण्यातल्याची पडते. बायकांची पडत नाही, यावर मी दरवर्षी भांडते आणि दरवर्षी मला परात धरायला बसवतात. त्या दिवशीही मी परात धरून बसले होते. मावशी आणि ती मुलगी समोर चण्याची डाळ निवडत होत्या. काका, त्यांचे मुलगे आणि दादा दाराशी गप्पा मारत होते. माय एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकत होती. सर्वांत शेवटी तिनं दादाची टाकली आणि हात झटकला.

"माय, आखो दोन मुठी टाक," दादा दारातून म्हणाला. "त्या दोन्ही बी आठेच शेत."

आणखी दोन मुठी, ते दोघंही इथंच आहेत, हे ऐकून सगळे हसले. काकांना वाटलं की तो आपल्या मुलांची चेष्टा करतो आहे. दादाही हसत होता, पाहुण्यांसमोर हसावं तसा. मी हसले नाही. समोर ती मुलगीही हसली नव्हती, तिचा डाळीतला हात थांबला होता. आणि मायची मूठ, जी तिनं सवयीनं परत गव्हात घातली होती, ती तिथंच राहिली.

"कोन दोन्ही?" मायनं विचारलं.

दादानं कानाला बोट लावलं. "त्याच. तीन दिन व्हयनात, परत उनात." ते आवाज तीन दिवसांपूर्वी परत आले होते. मग तो माझ्याकडे वळला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माले दवाखानामा ली चाल."

सहा वर्षांपूर्वी आम्ही त्याला चौघांनी धरून नेलं होतं. त्यानं रिक्षाच्या दांड्याला मिठी मारली होती आणि मी एकेक बोट सोडवलं होतं. या वेळी तो स्वतः म्हणाला, घरभर पाहुणे असताना म्हणाला, आणि कोणाला धक्का बसू नये म्हणून हसत म्हणाला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी मायवर ओरडले.  माय उठली, तिनं गुळाच्या डब्यामागे हात घातला आणि गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली.

स्कूटीवर मागे बसून दादानं मला सांगितलं की गोळी बंद केल्याचं त्याला पटलं नव्हतं, पण तू सांगितलंस म्हटल्यावर काय बोलणार. मी गाडी बाजूला घेतली. मी असं सांगितलं नव्हतं, हे मला म्हणता आलं असतं. पण डॉक्टरांचे तीन शब्द रिक्षात कोणी सांडले होते? माझी चूक झाली, मी म्हटलं. तो म्हणाला की आधी चल, ती बाई कधीपासून म्हणते आहे की उजवीकडे वळू नकोस, आणि दवाखाना उजवीकडेच आहे.

डॉक्टर बाईंनी दादाचं कौतुक केलं आणि मला झापलं, अर्धं हिंदीत, अर्धं गुजरातीत. परजीवीचं खरं आहे, त्या म्हणाल्या, यावर अभ्यास चालू आहेत, आम्हीही वाचतो. पण तो अंगात असलेले असंख्य लोक ठणठणीत असतात आणि हा आजार असलेल्या कितीतरी लोकांत तो नसतो. शिवाय जंताच्या गोळीनं तो मरत नाही. आणि उद्या या भावाच्या आजाराचं कारण काहीही निघालं, मांजर निघो नाहीतर हत्ती, आज त्याला बरं ठेवणारी गोळी हीच आहे. आवाज ओळखून तीन दिवसांत आला, ही मोठी गोष्ट आहे, असं त्या दादाला म्हणाल्या. दादानं त्यांना गंभीरपणे विचारलं की मग त्या दोघांच्या मुठी टाकायच्या नाहीत ना. आधी त्यांना मुठीची रीत समजावून सांगावी लागली. मग त्या पोटभर हसल्या आणि म्हणाल्या की अजिबात नाही, जेवायला घातलं की पाहुणे हलत नाहीत.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी बँड लावून मिरवणूक निघाली. दादा मिरवणुकीत थोडा वेळ चालला आणि घरी येऊन झोपला. भाऊबंद गावी गेले. मावशीला साड्या मात्र काही मनासारख्या मिळेनात, त्यामुळे ती आणि ती मुलगी आठवडाभर राहिल्या.

त्या आठवड्यात आणखी एक गंमत झाली. माझ्याकडून सगळं ऐकल्यावर मुख्य लॅबच्या डॉक्टरांना आपल्या चहाच्या वेळच्या व्याख्यानाचं वाईट वाटलं. ते म्हणाले, भावाला घेऊन ये, ती चाचणी मी करून देतो, एकदाचा निकाल लागू दे. दादा आला, पण म्हणाला की आधी तू दे, मग मी देतो, नेहमी तूच काय टोचायचं. म्हणून दोघांचं रक्त घेतलं. निकाल आला. दादाच्या रक्तात त्या परजीवीची नावालाही खूण नव्हती. माझ्या रक्तात होती, चांगली ठळक. कधीतरी लहानपणी शेतातली माती लागलेली भाजी नाहीतर न धुतलेले हात, असं काहीतरी असेल, घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मांजराला कधी हातही लावलेला नाही. घरी येऊन सांगितलं तर माय मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली की तरीच. शाळेतल्या भांडणांपासून लग्नातल्या भांडणापर्यंत सगळ्याचा उलगडा तिला झाला होता. दादा तर खात्यात पेढे वाटायला निघाला होता. शेठनं मला निरोप पाठवला की शेठाणी तुझ्या बाजूनं आहे.

राहिला तो मायचा जीव. ती हसत होती, पण त्या पट्टीनंतर ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मावशीला तिनं आधीच जंताचं सांगून ठेवलं होतं, आणि शनिवारचं सगळं मावशीनं डोळ्यांनी बघितलं होतं. आता काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं. मी म्हटलं, सांगू, मी सांगते. ती म्हणाली, तू तर आता तोंडच उघडू नको. आणि मग एका वाक्यात मनातलं बोलली, की मी मेल्यावर याच्याजवळ कोण बसेल.  मी जवळच राहते, मी आहेच, असं म्हटलं, पण आम्हा दोघींनाही माहीत होतं की ती ते विचारत नव्हती.

मावशी जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसलो होतो. बोलण्याला काही धड विषय नव्हता. माय मुलीला फरसाण वाढत वाढत परत त्याच विषयावर आली, की आमच्या पोराला मध्ये जंत झाला होता, डोक्यात चढला होता, गोळीनं मेला. मुलीनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली की ती गोळी मी वर्षातून दोनदा गावच्या सगळ्या लहान पोरांना देते, ती पोटातल्या जंतांची असते. मायचा चेहरा उतरला. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली आणि मी ती गिळली. आयुष्यात प्रथमच.

दादानं हातातली बशी खाली ठेवली. "माले आवाज ऐकू येतस," तो तिला म्हणाला. "आते लांब गयात, पन शेत. जंत नही, आजार शे. गोयी लेस तवलोंग बरा ऱ्हास. जनमभर लेनी पडी."

गोळी आहे तोवर मी बरा, ती जन्मभर घ्यावी लागणार, हे त्यानं सरळ सांगून टाकलं होतं. मावशी मायकडे बघत होती, माय जमिनीकडे. मला वाटलं संपलं, आणि तरीही मला दादाचा इतका अभिमान वाटला की मला ते संपलं तरी चालणार होतं. मुलीनं थोडा विचार केला. अंगणवाडीत बायकांना विचारत असेल तशाच आवाजात तिनं गोळीबद्दल विचारलं, "जेवाना पहिले का मंग?"

"मंग," दादा म्हणाला.

"तं जेवन टायमवर जोयजे," ती म्हणाली.

दुपारचे चार वाजले होते, जेवण वेळेवर हवं म्हटलं तरी अजून चार तास होते. माय उठली आणि कुकर लावायला आत गेली.